हडसन, पॅकार्ड, स्टुडबेकर: गाड्या चांगल्या असूनही कंपन्या का टिकल्या नाहीत?

प्रश्न असा आहे की, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन बड्या कंपन्यांबाहेर राहून मोटारी बनवणाऱ्या हडसन, नॅश, पॅकार्ड, स्टुडबेकर, कायझर-फ्रेझर आणि विलीज या कंपन्या पुढच्या दहा-वीस वर्षांत एकामागोमाग एक नाहीशा का झाल्या, आणि त्यांच्या गाड्या मुळातच कमी प्रतीच्या होत्या का. पुण्यात गेली तीस वर्षे मी जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचे काम करतो. यांपैकी काही गाड्या मी शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवून पुन्हा जोडल्या आहेत. त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मी नि:शंकपणे देऊ शकतो. गाड्या कमी प्रतीच्या नव्हत्या. काही बाबतीत त्या आपल्या काळाच्या पुढे होत्या, आणि हे पुढे असणेच काही कंपन्यांच्या गळ्यात अडकले. ते कसे, हे समजण्यासाठी इंजिनाकडे पाहण्याआधी पत्र्याकडे पाहावे लागते.

मोटारीचे प्रत्येक मडगार्ड, दरवाजा, छप्पर आणि बोनेट पोलादी पत्र्यातून ठोकून काढण्यासाठी साच्यांच्या जोड्या लागतात. कारखान्यात आणि गॅरेजात त्यांना सरसकट डाय म्हणतात. या डाय घडवण्याचा खर्च प्रचंड असतो आणि त्यांतून पन्नास हजार गाड्या काढा किंवा दहा लाख काढा, तो फारसा बदलत नाही. उदाहरणापुरते समजा की, एका नव्या बॉडीच्या साच्यांना १ कोटी डॉलर लागले. ५० हजार गाड्या विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक गाडीमागे २०० डॉलरचा भार पडेल आणि १० लाख विकणारीला फक्त १० डॉलरचा. गाडीची किंमतच दोन हजार डॉलरच्या आसपास असेल, तर या फरकात नफा, जाहिरात आणि विक्रेत्याचे कमिशन सारे बुडून जाते. त्यातही जनरल मोटर्सची एकच मूळ बॉडी थोड्याफार फरकाने दोन-तीन ब्रँडांखाली विकली जात असे. दरवर्षी गाडीचा चेहरा बदलण्याची प्रथा बड्या कंपन्यांनीच रूढ केली होती, आणि ती परवडणारेही तेच होते.

मग १९४६ ते १९५० या काळात स्वतंत्र कंपन्यांची भरभराट कशी झाली? युद्धामुळे फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन बंद होते आणि ते १९४५ मध्ये हळूहळू सुरू झाले. लोकांच्या हाती पैसा होता आणि गाड्या नव्हत्या. चार चाके आणि एक इंजिन असलेली कोणतीही वस्तू विकली जात होती. बड्या कंपन्यांनी १९४२ च्याच गाड्या समोरची जाळी थोडी बदलून विकायला काढल्या. स्टुडबेकरने मात्र १९४६ मध्येच १९४७ साठीची पूर्णपणे नवी गाडी आणली. डिझायनर रेमंड लोई यांच्या स्टुडिओचे आणि व्हर्जिल एक्सनर यांचे काम त्या आकारामागे होते. तिच्या ‘स्टारलाइट’ या कूपेला, म्हणजे दोन दारांच्या गाडीला, मागच्या बाजूस गोलाकार वळलेली काच होती, आणि गाडी येते आहे की जाते आहे असा प्रश्न लोक तेव्हा कौतुकाने विचारत. १९४८ च्या आसपास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळपास पाचवा हिस्सा स्वतंत्र कंपन्यांचा होता. १९५५ पर्यंत तो विसाव्या हिश्शाच्या आसपास आला. ही सात वर्षे नीट पाहिली की उत्तराचा मोठा भाग हाती येतो.

त्या टंचाईच्या बाजारावर सर्वांत जास्त विसंबली ती कायझर-फ्रेझर. युद्धात ‘लिबर्टी’ ही मालवाहू जहाजे विक्रमी वेगाने बांधणारे हेन्री कायझर आणि मोटारविक्रीत मुरलेले जोसेफ फ्रेझर यांनी १९४५ मध्ये ती स्थापन केली आणि फोर्डने बॉम्बफेकी विमानांसाठी चालवलेला मिशिगनमधील विलो रनचा अवाढव्य कारखाना घेतला. १९४९ मध्ये बड्या कंपन्यांची नवी मॉडेले बाजारात येत असताना फ्रेझर यांचे म्हणणे होते की, उत्पादन कमी करून नव्या गाडीची वाट पाहावी. कायझर यांनी ते मानले नाही आणि दोन लाख गाड्यांचे लक्ष्य ठेवले. गाड्या मैदानात पडून राहिल्या. पुढे आलेली छोटी ‘हेन्री जे’ इतकी काटकसरीने बनवलेली होती की, सुरुवातीच्या गाड्यांना डिकीचे बाहेरून उघडणारे झाकणही नव्हते आणि सामान मागची सीट दुमडून आतून ठेवावे लागे. तेवढ्याच पैशांत थोडी भर घालून पूर्ण आकाराची शेव्हर्ले मिळत असेल, तर ग्राहक काय करणार हे सांगायला नको.

हडसनची कथा मला सर्वांत जवळची वाटते, म्हणून येथे थोडा थांबतो. डेट्रॉइटमध्ये १९०९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीला तेथील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक जे. एल. हडसन यांनी भांडवल दिले आणि त्यांचेच नाव गाडीला मिळाले. १९४८ च्या मॉडेलसाठी तिने ‘स्टेप-डाउन’ रचना आणली. त्या काळी बहुतेक गाड्यांची बॉडी चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, वर बसत असे आणि प्रवासी चॅसीच्या वर चढून बसत. हडसनच्या अभियंत्यांनी तळ चॅसीच्या दोन बाजूंच्या आडव्या पोलादी पेट्यांच्या मध्ये खाली नेला, त्यामुळे दार उघडून उंबरा ओलांडावा तसे खाली पाऊल टाकून आत जावे लागे. या पेट्या मागच्या चाकांच्याही बाहेरून जात आणि बॉडी त्यांना वेल्ड केलेली असे. गाडी बुटकी झाली, गुरुत्वमध्य खाली गेला आणि वळणावर ती रस्त्याला चिकटून राहू लागली. चारही बाजूंनी पोलाद असल्याने प्रवासी जणू एका मजबूत पिंजऱ्यात बसलेले असत.

१९५१ मध्ये या गाडीत ३०८ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवून ‘हॉर्नेट’ आली. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असलेली ही जुन्या पद्धतीची मांडणी, पण ताकद १४५ अश्वशक्ती. या इंजिनाचा ब्लॉक क्रोमियमयुक्त कठीण लोखंडाचा आहे आणि बोअर करताना, म्हणजे सिलिंडर आतून तासून मोठे करताना, हत्यार किती लवकर बोथट होते, हे ज्याने केले त्यालाच कळते. पुढच्या वर्षी दोन कार्बुरेटरांची ‘ट्विन-एच’ जोडणी मिळू लागली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मॉडेलांच्या, म्हणजे स्टॉक कार, शर्यतींत १९५२ च्या मोसमातील ३४ पैकी २७ शर्यती हॉर्नेटने जिंकल्या. हर्ब थॉमस १९५१ आणि १९५३ मध्ये आणि टिम फ्लॉक १९५२ मध्ये हॉर्नेट चालवून मोसमाचे विजेते ठरले, तर मार्शल टीग यांनी हडसनच्या अभियंत्यांबरोबर बसून या गाडीची शर्यतीची बाजू घडवली. जुन्या पद्धतीच्या इंजिनाने आधुनिक व्ही-एट, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर असलेल्या, इंजिनांना हरवले, ते मुख्यतः बॉडीच्या रचनेच्या जोरावर.

आणि नेमकी तीच रचना कंपनीला बांधून ठेवणारी ठरली. जिथे चॅसी वेगळी असते तिथे वरची बॉडी बदलून नवा आकार देता येतो. स्टेप-डाउनमध्ये उंबरा, खांब, मागच्या मडगार्डाची रेषा आणि चॅसी हे एकच अंग होते. आकार बदलायचा तर सारे साचे नव्याने घडवावे लागत. १९४८ मध्ये आधुनिक वाटणारी ती उतरती पाठ १९५२ पर्यंत जुनी दिसू लागली, आणि फोर्ड-शेव्हर्लेचे ग्राहक तोवर दोन नवे चेहरे पाहून चुकले होते. माझ्याकडे आलेल्या ‘कमोडोर’ या एका स्टेप-डाउन हडसनच्या उंबऱ्यात गंज शिरलेला होता. दुसऱ्या गाडीत हे डेंटिंगवाल्याचे दोन दिवसांचे काम झाले असते, येथे मात्र उंबरा हीच चॅसी असल्याने गाडी सर्व बाजूंनी टेकू देऊन, दारांच्या फटी रोज मोजत, महिनाभर काम करावे लागले. त्या महिन्यात मला उमगले की, कारखान्यातील माणसांनाही या गाडीला हात लावणे किती अवघड गेले असेल.

अशा वेळी हडसनने उरलेला पैसा कुठे घातला? ‘जेट’ या नव्या छोट्या गाडीत. तिच्यावर सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले. अध्यक्ष ए. ई. बॅरिट यांचा आग्रह होता की गाडी छोटी असली तरी आतली सीट खुर्चीसारखी उंच असावी. त्यामुळे छप्पर उंच झाले, गाडी अरुंद आणि उभट दिसू लागली आणि तिची किंमत तिच्याहून मोठ्या फोर्ड-शेव्हर्लेपेक्षा जास्त निघाली. यंत्र म्हणून जेट वाईट नाही, ती चपळ आणि टिकाऊ आहे. परंतु त्या पैशात मोठ्या हडसनची नवी बॉडी किंवा व्ही-एट इंजिन झाले असते. १९४९ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेले हडसनचे उत्पादन १९५३ मध्ये सत्तर हजारांच्या खाली आले. माझ्या मते हडसन बुडाली ती या एका निर्णयाने. बाकीची कारणे तिला दोन-तीन वर्षे मागे-पुढे करू शकली असती, एवढेच.

त्याच सुमारास बाजारही फिरला. कोरियन युद्धामुळे उत्पादनावर आलेले सरकारी निर्बंध १९५३ च्या सुरुवातीला उठले आणि फोर्डने शेव्हर्लेला मागे टाकण्यासाठी कारखाने पूर्ण वेगाने चालवले. विक्रेत्यांनी न मागितलेल्या गाड्याही त्यांच्या दारात उतरवल्या जात आणि ते त्या मिळेल त्या सवलतीत विकत. हे भांडण दोन बड्यांचे होते, मार बसला तो मधल्यांना.

पॅकार्डचे दुखणे वेगळे होते. ती प्रतिष्ठितांची गाडी. डेट्रॉइटमधील तिचा कारखाना आल्बर्ट कान या वास्तुविशारदाचा, आणि युद्धकाळात याच कंपनीने रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन परवान्याखाली बनवले. १९४९ मध्ये तिने आणलेला ‘अल्ट्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिने स्वतःच्या बळावर विकसित केला होता. इतर स्वतंत्र कंपन्यांना ऑटोमॅटिकसाठी बाहेरच्या पुरवठादाराचा आधार घ्यावा लागला. परंतु १९४० च्या सुमारास खर्च वाचवण्यासाठी पॅकार्डने आपल्या बॉडी ब्रिग्ज या कंपनीकडून घेण्यास सुरुवात केली होती. १९५३ मध्ये क्रायस्लरने ब्रिग्ज विकत घेतली, आणि पॅकार्डला आपल्या गाड्यांच्या बॉडी प्रतिस्पर्ध्याकडून घेण्याची वेळ आली. १९५५ च्या मॉडेलसाठी कॉनर ॲव्हेन्यूवरील एका लहान इमारतीत घाईने बॉडीचे काम हलवावे लागले आणि जोडणीचा दर्जा घसरला.

दुःख याचे की, १९५५ ची पॅकार्ड अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण होती. तिच्या ‘टॉर्शन-लेव्हल’ सस्पेन्शनमध्ये पुढचे आणि मागचे चाक लांब टॉर्शन बारने, म्हणजे पीळ बसल्यावर स्प्रिंगसारख्या काम करणाऱ्या पोलादी दांड्याने, एकमेकांना जोडलेले होते. पुढचे चाक खड्ड्यातून उसळले की त्याचा पीळ मागच्या चाकाकडे जाई आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट राही. मागे वजन टाकले तर एक विजेची मोटर गाडी पुन्हा समतल करत असे, आणि रस्त्यातल्या प्रत्येक धक्क्याला ती चालू होऊ नये म्हणून सुमारे सात सेकंदांचा विलंब ठेवलेला होता. इतके बारकाईने विचार केलेले सस्पेन्शन मी त्या काळातल्या दुसऱ्या अमेरिकी गाडीत पाहिलेले नाही. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधील शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्यानंतर दोन वर्षे स्टुडबेकरच्याच बॉडीवर पॅकार्डचे नाव लावून विक्री झाली, तिच्याविषयी लिहावेसे वाटत नाही.

पॅकार्ड आणि स्टुडबेकर ऑक्टोबर १९५४ मध्ये एकत्र आल्या होत्या. १८५२ मध्ये इंडियानातील साउथ बेंड येथे घोडागाड्या बनवण्यापासून सुरुवात केलेल्या स्टुडबेकरने १९५० मध्ये विमानाच्या नाकासारखे तोंड असलेल्या मॉडेलच्या जोरावर सुमारे ३ लाख ४३ हजार गाड्या बनवल्या, आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे व्ही-एट इंजिनही आणले. १९५३ ची रॉबर्ट बर्क यांनी आखलेली बुटकी कूपे मला अमेरिकी मोटारींतील सर्वांत सुंदर आकारांपैकी एक वाटते. ग्राहकांनाही ती आवडली, पण कंपनीने जास्त सेडान आणि कमी कूपे बनवण्याची तयारी केली होती आणि मागणी उलटी आली. शिवाय कूपेची चॅसी इतकी लवचीक निघाली की इंजिन बसवल्यावर ती वाकून पुढचे पत्रे जुळेनात. ते सुधारण्यात महत्त्वाचे महिने गेले. साउथ बेंडमधील मजुरीचा खर्च डेट्रॉइटपेक्षा जास्त होता आणि कारखाने जुने, अनेक मजली होते. १९५४ मध्ये कामगारांनी मतदान करून वेतनकपात स्वीकारली, तरी हिशेब जुळला नाही. विलीनीकरणानंतर पॅकार्डचे प्रमुख जेम्स नान्स यांच्या माणसांनी वह्या उघडल्या, तेव्हा लक्षात आले की, ना नफा ना तोटा गाठण्यासाठी स्टुडबेकरला वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार गाड्या विकणे भाग होते. प्रत्यक्षात विकल्या जात होत्या जेमतेम ८२ हजार. लग्नाआधी करायची चौकशी वरात घरी आल्यावर केली, तर हेच होते.

हे सारे टाळता आले असते का? नॅशचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना हे गणित इतरांच्या बरेच आधी कळले होते. नॅश, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर या चौघींनी एकत्र येऊन बॉडी आणि इंजिने वाटून घ्यावीत, असा त्यांचा विचार होता. १ मे १९५४ रोजी नॅश आणि हडसन मिळून अमेरिकन मोटर्स झाली. पॅकार्डचे व्ही-एट इंजिन १९५५ च्या नॅश आणि हडसनमध्ये बसलेही. पण ऑक्टोबर १९५४ मध्ये मेसन यांचे निधन झाले, आणि त्यांच्यामागून आलेले जॉर्ज रोम्नी आणि पॅकार्डचे नान्स यांचे जमले नाही. सुट्या भागांच्या देवाणघेवाणीचा करार कडवटपणातच संपला. चार कंपन्यांच्या साच्यांचा खर्च एका छताखाली आणण्याची ती शेवटची संधी होती, असे मला वाटते.

रोम्नी यांनी मात्र नंतर जे केले, त्याला मी मनापासून दाद देतो. विस्कॉन्सिनमधील केनोशा येथील नॅशने १९४१ मध्येच ‘सिक्स हंड्रेड’ या मॉडेलमध्ये चॅसी आणि बॉडी एकच असलेली रचना आणली होती, आणि १९५० मध्ये १०० इंच व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराची) छोटी रॅम्बलर. रोम्नी यांनी १९५७ नंतर नॅश आणि हडसन ही दोन्ही जुनी नावे सोडून दिली आणि सर्व भार रॅम्बलरवर टाकला. १९५८ मध्ये मंदी आली, तेव्हा त्यांनी १९५० च्या बॉडीचे जुने साचे पुन्हा बाहेर काढले, जाळी आणि मागची मडगार्डे थोडी बदलली आणि ती गाडी ‘रॅम्बलर अमेरिकन’ म्हणून स्वस्तात विकली. इतर कंपन्यांची विक्री घसरत असताना अमेरिकन मोटर्सची वाढली. ज्या साच्यांचा खर्च केव्हाच वसूल झाला आहे, त्यांतून निघालेल्या गाडीत विक्रीची रक्कम जवळजवळ साऱ्याच्या सारी मजुरी, कच्चा माल आणि नफा यांना मिळते. हडसनने नव्या छोट्या गाडीच्या साच्यांत पैसा ओतला, अमेरिकन मोटर्सने जुन्या छोट्या गाडीच्या साच्यांतून पैसा काढला. दोन कंपन्यांची तुलना करायची तर मी हीच करीन.

विलीजचे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने परिचित आहे. ओहायोतील टोलेडोच्या या कंपनीची जीप महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली, आणि त्या गाडीचा वंश आपल्या रस्त्यांवर अजून चालतो. युद्धानंतर विलीजकडे बॉडी ठोकण्याची स्वतःची मोठी यंत्रणा नव्हती आणि बॉडीचे नेहमीचे पुरवठादार बड्या कंपन्यांत गुंतलेले होते. घरगुती उपकरणांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यांना खोल वळणे काढता येत नसत. म्हणून ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी १९४६ ची जीप स्टेशन वॅगन सपाट पत्रे आणि उथळ घड्या यांचीच आखली. तिचा सरळसोट चेहरा आज देखणा वाटतो, तो मूळचा नाइलाजातून आलेला आहे. १९५३ मध्ये कायझर यांनी विलीज विकत घेतली आणि १९५५ मध्ये अमेरिकेतील प्रवासी मोटारी बंद करून केवळ जीपवर लक्ष दिले. तो त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय होता. रेडिओच्या धंद्यातून आलेल्या पॉवेल क्रॉस्ली यांच्या चिमुकल्या गाड्या १९५२ मध्ये थांबल्या. प्रेस्टन टकर यांची १९४८ ची गाडी फक्त ५१ संख्येत बनली, म्हणून तिची ख्याती मोठी असली तरी या हिशेबात ती बसत नाही.

शेवटी पुन्हा साउथ बेंडला यावे लागते. १९५९ च्या छोट्या ‘लार्क’ने स्टुडबेकरला थोडा श्वास दिला. बड्यांच्या छोट्या गाड्या आल्यावर तोही संपला. अध्यक्ष शेरवूड एग्बर्ट यांनी लोई यांच्याकडून ‘अवांती’ आखून घेतली आणि ती १९६२ मध्ये लोकांसमोर आली. वेळ आणि साच्यांचा पैसा दोन्ही नसल्याने तिची बॉडी फायबरग्लासची ठेवली. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडमधील मोटारी बंद झाल्या. कॅनडातील हॅमिल्टनमध्ये स्टुडबेकर मार्च १९६६ पर्यंत तग धरून राहिली, आणि शेवटच्या त्या गाड्यांत जनरल मोटर्सच्या कॅनडातील कारखान्याची इंजिने होती. दरम्यान, नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन या साउथ बेंडमधल्या दोन स्टुडबेकर विक्रेत्यांनी अवांतीचे हक्क विकत घेतले आणि १९६५ पासून जुन्या कारखान्याच्या एका भागात शेव्हर्लेचे इंजिन बसवून ती ‘अवांती टू’ या नावाने हाताने बनवायला घेतली. वर्षाला साधारण शंभर-दोनशे गाड्या निघत. पोलादी साच्यांची गरज नसल्याने तेवढ्या संख्येवरही त्यांचा खर्च निघत असे, आणि स्टुडबेकर कंपनी मोटारींच्या धंद्यातून गेल्यानंतर अनेक वर्षे तिची ही एक गाडी नवी विकत मिळत राहिली.